टिपणीसबाईंचा समुद्र

टिपणीसबाईंच्या शेजारी मी कितीतरी वर्षं राहिले, पण "बसा" असं त्या मला एकदाच म्हणाल्या. तेही माझी सावली टाकीवर पडत होती म्हणून. मी बसले. मग म्हणाल्या, "अंहं, आणखी डावीकडे."

टाकी म्हणजे गच्चीवरची पाण्याची नव्हे बरं का. बाईंच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक काचेची पेटी होती, आपल्या दिवाणाएवढी लांब. त्यात खारं पाणी आणि त्या पाण्यात जिवंत पोवळी. अंगठीतलं पोवळं डोळ्यांपुढे आणू नका. ही मऊ. कुणी रबरी बोटांसारखी, कुणी अळंब्यासारखी चपटी, कुणी खडकावर बटणं टाचल्यासारखी. एक जात तर अशी होती की तिच्या इवल्या इवल्या मुठी दिवसभर उघडायच्या नि मिटायच्या, तान्ह्या बाळासारख्या. पनवेलसारख्या गावात, टपाल नाक्यामागच्या आमच्या दोन मजली इमारतीत असलं काही असेल यावर पाहुण्यांचा विश्वास बसायचा नाही. मी दार वाजवून दाखवायला न्यायची. बाई दार उघडायच्या, पाहुण्यांकडे वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "काचेला हात लावायचा नाही. 'अय्या' म्हणायचं नाही."

त्या घरात दोघीच. टिपणीसबाई, म्हणजे कुमुद, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. वय पन्नाशीच्या अलीकडे, लग्न झालेलं नाही. आणि त्यांची आई, जिजी. पंचाहत्तरी ओलांडलेली, गोरीपान, तोंडाचं बोळकं, बोलणं साखरेत घोळलेलं. साऱ्या इमारतीला जिजी आवडायच्या. बाई कुणालाच आवडत नसत. मलाही पहिली काही वर्षं नाहीच.

आवडणार तरी कशा? माझी नीला त्यांच्या वर्गात होती. एकदा रडत घरी आली. पचनसंस्थेची आकृती चुकली, तर बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात पाणी आहे. असू दे, पाणी वाईट नसतं. पण तुझं गोडं आहे, त्यात काही वाढायचं नाही." मी पदर खोचून बाईंच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "बाई, पोर तासभर रडतेय." बाई टाकीच्या काचेवरचं शेवाळ पोस्टकार्डाच्या कडेनं खरवडत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. "रडली? मग थोडं खारं झालं असेल. आशा आहे."

मी परत आले. आमचे हे हसत सुटले, आणि मला त्यांचाही राग आला.

ही टाकी बाईंनी घरीच केलेली. बाजारात फोटोंना चौकटी करणाऱ्याकडून काचा कापून आणल्या आणि चिकटवल्या स्वतः, ट्यूबमधल्या त्या आंबूस वासाच्या डिंकानं. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा कोपरा फुटून खालच्या बिऱ्हाडाच्या पलंगावर धार लागली. ते गृहस्थ तणतणत वर आले तर बाई म्हणाल्या, "गादी उन्हात टाका. मीठ औषधी असतं." पाणी त्या उरणहून आणायच्या. रविवारी सकाळी एसटीनं, भरती बघून. खाद्यतेलाचे रिकामे पांढरे कॅन दोन हातांत दोन. कंडक्टर दर खेपेला म्हणायचा, "बाई, लगेजचं तिकीट पडेल," आणि त्या दर खेपेला विचारायच्या, "समुद्राला कोणता टप्पा लावता?" एकदा हौसेनं मीही गेले होते. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणारी एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "गो बाय, खारं पानी कशाला नेतेस? घरान मीठ पिकवतेस काय?"

बाई म्हणाल्या, "पिकतंच आहे. काढून न्यायला कोणी येत नाही, एवढंच."

म्हातारी माझ्याकडे बघून हसली. "हिचा नवरा नाय का?" मी मान हलवली. "मंग बरोबर हाय," ती म्हणाली आणि बोंबील उलटे करायला लागली.

आता ते मीठ कुठलं, ते मला बाईंनी कधी सांगितलं नाही. सांगितलं जिजींनी. एका दुपारी वाल सोलता सोलता, कुणाच्या तरी बारशाची गोष्ट सांगावी तसं. बाई पंचविशीच्या असताना उरणच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी त्यांना मागणी घातली होती. माणूस चांगला, घर चांगलं, कुमुदच्याही मनात होतं. मास्तर बोलणी करायला आले तेव्हा जिजींनी त्यांना पोहे दिले, चहा दिला आणि कुमुद आत होती तेवढ्यात हळूच सांगितलं, "पोरगी गुणी आहे हो, पण फिट येतात तिला. आई म्हणून लपवणं बरं नाही." मास्तर गेले ते गेले. कुमुदला कळलंच नाही का गेले ते. वीसेक वर्षांनी पेपर तपासायच्या केंद्रावर ते भेटले, केस पिकलेले, आणि मोठ्या मायेनं त्यांनी विचारलं, "आता बऱ्या आहात ना? फिट येत नाहीत ना हल्ली?"

"मग हो?" मी विचारलं. माझ्या हातातला वाल हातातच.

"मग काय? घरी आली. मला वाटलं आता आकांडतांडव करील. काही नाही. जेवली, भांडी घासली. आणि पुढच्या महिन्यात ही काचेची ब्याद घरात आली." जिजींनी सोललेली डाळिंबी वाटीत टाकली. "मी तरी काय करणार होते, सुधा? ही गेली असती तर मला कोण होतं? पाण्यात पडलेला माणूस हाताला लागेल ते धरतो."

आवाजात कुठं चरा नाही. वालाची सालं तेवढी नीट एका कागदावर गोळा करत होत्या.

तर अशा त्या दोघी. भांडण म्हणून कधी ऐकू आलं नाही. आमची भिंत एक होती, ऐकू आलं असतं. बाईंनी आईला कधी एक शब्द वाकडा टाकला नाही, वेळेवर औषध, वेळेवर जेवण, पाय चेपून देणं, सगळं. फक्त घरात पहिला मान टाकीचा. धुरानं पाण्यावर तवंग येतो, म्हणून उदबत्ती बंद, धूप बंद, डासांची कॉइल बंद. तळण बंद. जिजींना भजी खावीशी वाटली की माझ्याकडे निरोप यायचा. आणि तांबं बंद. पहिल्याच वर्षी जिजींच्या रुखवतातल्या तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेलं पाणी टाकीत घातलं होतं, तर आठवड्यात पोवळी आक्रसून मेली. तांबं म्हणजे त्यांना विष. तेव्हापासून कळशी, ताम्हन, पळी-पंचपात्र सगळं माळ्यावर. जिजींचे देव स्टीलच्या वाटीत आंघोळ करायला लागले. "इस्पितळात असल्यासारखे," जिजी म्हणायच्या. पण नियम त्यांना पक्का ठाऊक होता. आमची नीला एकदा सत्यनारायणाचं तीर्थ तांब्याच्या गडूत घेऊन गेली, तर खाटेवरून जिजीच ओरडल्या, "उंबऱ्याबाहेर ठेव ते! एक थेंब पडला तरी मरतील हिची लाडकी."

आणि पंखा.

पनवेलचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल. वारा नाही, अंगाला अंग लागू देववत नाही. त्या पोवळ्यांना पाणी गारच हवं असतं. बाईंनी टाकीच्या काठाशी टेबलफॅन बसवला होता, पाण्यावरून वारा गेला की पाणी उडतं आणि उरलेलं निवतं म्हणून. उडालेलं गोडं पाणी वाटी वाटीनं त्या परत भरायच्या. "पाणी उडतं, मीठ उडत नाही," हे त्यांचं पालुपद. वर्गातही, घरातही. छताचा पंखा त्या खोलीत होता, पण तो टाकीवर टांगलेली ट्यूबलाइट हलवतो म्हणून काढून ठेवलेला. आतली खोली पत्र्याखाली, भट्टीसारखी. त्यामुळे जिजींची खाट टाकीसमोरच, आणि वारा मात्र पाण्याला. जिजी वर्तमानपत्राची घडी हलवत बसायच्या.

मला बघवेना. मी आमचा जुना पंखा नेऊन दिला. म्हटलं, "जिजींना असू दे." बाईंनी "आभारी आहे" म्हटलं, वायर तपासली आणि तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला लावला. "एका बाजूनं अर्धाच भाग निवत होता," म्हणाल्या.

एका मे महिन्यात दुपारी लाइट गेली ती येईचना. मी डोकावले तर बाई स्टुलावर उभ्या, प्लास्टिकच्या मगानं टाकीतलं पाणी उंचावरून परत टाकीत ओततायत, हवा मिसळावी म्हणून. पदर भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले. पिशव्यांत बर्फ बांधून पाण्यात सोडलेला. आणि मागे खाटेवर जिजी पांढऱ्याफटक, ओठ सुकलेले. मी पाणी पाजलं, डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर बाईंना म्हणाले, "उष्णतेनं चक्कर आलीय. या वयात जिवावर बेततं. हवा लागू द्या त्यांना."

डॉक्टर गेल्यावर लाइट आली. दोन्ही पंखे फिरायला लागले, पाण्याकडे. जिजी बारीक आवाजात म्हणाल्या, "कुमुद, एक इकडे फिरव गं."

बाईंनी पाण्यातली काचेची नळी डोळ्यांसमोर धरली. "एकतीस. आणखी एक अंश चढला तर ही मरतील."

"आणि मी?"

"तू नाही मरायचीस. मी बघितलंय."

मी तिथंच उभी होते हो. म्हटलं, "बाई, अहो, आई आहे ती." त्या माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं. "सुधाताई, तुमच्या ताटातली भजी खाते ती. तुम्हाला ती तेवढीच दिसते." मग त्यांनी जिजींची खाट ओढून टाकीच्या पलीकडे नेली. "पाण्यावरून येणारा वारा गार असतो. उरेल तो तुझा."

जिजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं रडतायत. नव्हत्या. त्या विचार करत होत्या, हे मला नंतर कळलं.

खरं सांगायचं तर त्या बाईला मी हसताना पाहिलंय, पण फक्त टाकीपुढे. सकाळी ट्यूब लावली की पोवळी एकेक करून फुलायची. त्या वेळी त्या चहाचा कप हातात धरून उभ्या असायच्या आणि चहा निवून जायचा. एकदा मला बोलावून दाखवलं होतं, दाढीच्या पात्यानं त्यांनी एक चपटं पोवळं मधोमध कापलं. मी डोळे झाकले. "बघा तरी," त्या म्हणाल्या, "कापलं की दोन होतात. कुरकूर नाही." काही दिवसांनी खरंच दोन्ही तुकडे गोल होऊन फुलले होते. त्या दिवशी शाळेत त्या एकाही मुलीला घालून पाडून बोलल्या नाहीत, असं नीला म्हणाली. आम्ही दोघी त्यावर आश्चर्य करत बसलो होतो.

त्याच पावसाळ्यात नारळीपौर्णिमा आली. बाई शाळेत. मी जिजींना नारळीभाताची वाटी द्यायला गेले तर टाकीच्या काचेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, समोर नारळ, आणि जिजी खाटेवर हात पुसत बसलेल्या. "घरात समुद्र आहे," म्हणाल्या, "आजच्या दिवशी त्याला कोरडा कसा ठेवायचा?" मला तर गोडच वाटलं ते. एवढं झालं तरी म्हातारी पोरीच्या टाकीला कुंकू लावते. घरी येऊन ह्यांना सांगितलंसुद्धा.

आठवडा झाला नाही तोच त्या मुठी उघडायच्या थांबल्या.

मग एकेक करून सगळंच. बटणं मिटली ती उघडली नाहीत. रबरी बोटं मऊ पडून कलली, त्यांच्यावर पांढरी लाळ सुटली. जिन्यापर्यंत वास. बाईंनी शाळेतून रजा काढली, आयुष्यात पहिल्यांदा. पावसाआधी पिंपात साठवलेलं समुद्राचं पाणी टाकीत घालून घालून संपवलं. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि आळणी, ते चालत नाही हे त्यांनीच मला शिकवलेलं. तरी भर पावसात त्या उरणला गेल्या आणि दोन कॅन घेऊन निथळत परत आल्या. चहाच्या रंगाचं पाणी. स्वतःच्या मलमलच्या साडीतून गाळत बसल्या. मी कॅन धरायला गेले तर म्हणाल्या, "नको. तुमच्या हाताला साबणाचा वास आहे." पण आवाज कसा, रडून थकलेल्या पोरासारखा.

खाटेवर जिजी वाल सोलत होत्या. "दोन घास खाऊन घे गं," म्हणाल्या. "जीव आहे, येतो नि जातो. एवढं काय?"

शेवटी सगळं मेलं. बाईंनी टाकी रिकामी केली आणि तळची वाळू पिठाच्या चाळणीतून चाळायला घेतली. खडकामागच्या वाळूत सापडले. भोकाचे पैसे. इंग्रजांच्या वेळचे, तांब्याचे, जिजींच्या बटव्यातले. मूठभर. हिरवे पडलेले.

त्या दुपारी मी अळूचं फदफदं घेऊन गेले होते, म्हणून मला दिसलं. जिजी पाटावर बसलेल्या, पुढे ताट वाढलेलं, भात, वरण, तूप. आणि ताटात डावीकडे, जिथं आपण मीठ वाढतो तिथं, ते हिरवे पैसे. बाई समोर उभ्या.

जिजींनी ताटाकडे बघितलं. "मीठ वाढायला विसरलीस," त्या म्हणाल्या.

"ते कोणी टाकले?"

"मीच. नारळीपौर्णिमेला. समुद्राला पैसा वाहतात, तुला ठाऊक नाही? घरात देव आणलास, त्याची पूजा मी केली." मग माझ्याकडे वळून, डोळ्यांत पाणी आणून, "सांग गं सुधा, म्हातारीनं पूजा केली तर चुकलं का काही?"

तीर्थाचा गडू उंबऱ्याबाहेर ठेव म्हणून ओरडलेला आवाज माझ्या कानात होता. पण इमारतीत सगळ्यांनी जिजींचीच बाजू घेतली. भाबडी आहे बिचारी, तिला काय कळतंय तांबं नि पितळ. आणि ही बया, चार किड्यांसाठी आईच्या ताटात पैसे वाढते! दोन-तीन बायका तर बाईंना जिन्यात गाठून बोलल्या. बाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ही बाई संपली.

पाऊस सरला, समुद्र निवळला, तशा त्या पुन्हा रविवारी उरणला जायला लागल्या. टाकी घासून भरली. नवी वाळू घातली. पंप लावला, ट्यूब लावली. आम्हाला वाटलं, आता मुंबईहून नवी पोवळी येणार. आली नाहीत. मी विचारलं, "बाई, काय ठेवणार यात?" म्हणाल्या, "पाणी."

पुढच्या मे महिन्यात आम्ही नव्या पनवेलला ब्लॉक घेतला आणि घर सोडलं. सामान टेम्पोत चढल्यावर मी निरोप घ्यायला बाईंकडे गेले. दुपारची वेळ, घाम नाकावरून ठिबकत होता. खोलीत दोन्ही पंखे जोरात फिरत होते, दोन्ही पाण्याकडे. पाणी इतकं स्वच्छ की मागची भिंत दिसत होती. आत जिवंत असं काही म्हणजे काही नव्हतं. काचेला हळदीकुंकवाची ताजी बोटं, पाण्यावर एक जास्वंद. बाई वाटीनं पाणी भरत होत्या, सावकाश, थेंब न सांडता. जिजी खाटेवर, लुगडं अंगाला चिकटलेलं, धाप लागलेली.

माझ्यानं राहवेना. म्हटलं, "बाई, आता कुणासाठी हो हा वारा? रिकामं पाणी ते."

"रिकामं?" बाईंनी वाटी खाली ठेवली. "अहो, देव आहे तो. जिजीनं पूजा केलीय त्याची, सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. देवाला उकडत ठेवायचं?" आणि आईकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "हो की नाही गं, जिजी? की नव्हता देव?"

दारात माझ्यामागे निरोपाला आलेल्या शेजारणी उभ्या होत्या. जिजींनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हातातली वर्तमानपत्राची घडी बाजूला ठेवून त्यांनी त्या पाण्याला हात जोडले.